मूत्राशय काढल्यानंतरचे नव्वद दिवस: लालबागच्या एका रुग्णाचं प्रकरण

या प्रकरणातल्या बाई ६२ वर्षांच्या. लालबागच्या जुन्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर एक खोली, वर पोटमाळा. घरात मुलगा, सून आणि शाळकरी नातू. नवरा गिरणीत होता. १९८२ च्या संपानंतर घर चाललं ते सासूने आणि त्यांनी मिळून चालवलेल्या खानावळीवर. आजारी पडेपर्यंत त्या रोज वीसेक डबे करून देत होत्या. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

तक्रार एकच होती, लघवीतून रक्त. दुखत काही नव्हतं, जळजळ नव्हती. मध्येच दोन-तीन दिवस लघवी लाल व्हायची, एखादी गुठळी पडायची, मग महिनाभर सगळं साफ. सात महिन्यांत तीनदा त्यांना ‘युरिन इन्फेक्शन’च्या गोळ्या मिळाल्या. दर वेळी रक्त थांबलं आणि दर वेळी ते गोळ्यांमुळे थांबलं असं सगळ्यांना वाटलं. या रोगात रक्त आपोआप थांबतं आणि तिथेच फसगत होते. पुरुषाच्या लघवीतून रक्त आलं की घर हादरतं, लगेच तपासण्या होतात. बाईच्या बाबतीत ते अंगावरचं समजलं जातं, नाहीतर इन्फेक्शन समजलं जातं. पाळी गेलेल्या बाईला न दुखता लघवीतून रक्त आलं, तर एकदा सोनोग्राफी आणि दुर्बिणीने मूत्राशयाची तपासणी झालीच पाहिजे, रक्त थांबलेलं असलं तरीही. हे मी जिथे संधी मिळेल तिथे सांगते.

सोनोग्राफीत मूत्राशयाच्या उजव्या भिंतीवर चार सेंटिमीटरची गाठ दिसली. दुर्बिणीतून ती खरवडून काढली. पॅथॉलॉजीचा अहवाल आला: हाय ग्रेड युरोथेलियल कार्सिनोमा, म्हणजे मूत्राशयाच्या अस्तरातून उठलेला आक्रमक कर्करोग, स्नायूच्या थरात शिरलेला, आणि आजूबाजूच्या अस्तरावर बऱ्याच ठिकाणी ‘कार्सिनोमा इन सिटू’, म्हणजे अजून अस्तरातच असलेला कर्करोग. सीटी स्कॅनमध्ये छाती, यकृत, लसिकाग्रंथी साफ होत्या.

कर्करोग स्नायूत शिरला की नुसतं खरवडून भागत नाही. मूत्राशय वाचवून केमोथेरपी आणि रेडिएशन एकत्र देणं हा काही रुग्णांसाठी खरोखर चांगला पर्याय आहे आणि तो प्रत्येकाला सांगितला गेला पाहिजे. यांनाही सांगितला. पण अस्तरभर पसरलेला इन सिटू रोग असला की त्या उपचारावर भरवसा ठेवता येत नाही. ट्यूमर बोर्डाच्या, म्हणजे वेगवेगळ्या शाखांच्या कर्करोगतज्ज्ञांच्या, बैठकीत ठरलं ते असं: आधी सिस्प्लॅटिन आणि जेमसिटाबिनच्या चार फेऱ्या, मग मूत्राशय काढायचं. आधी केमो दिल्याने आयुष्य वाढतं हे २००३ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीतून पुढे आलं. त्यातली औषधं थोडी वेगळी होती, पण कणा सिस्प्लॅटिनचाच. त्यासाठी मूत्रपिंडं धड लागतात. मूत्रपिंडांचं काम बिघडलं की रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं. यांचं ०.९ होतं, म्हणून ते शक्य झालं.

केमोचे तीन महिने

मूत्राशय काढण्याचं ऑपरेशन म्हणजे युरॉलॉजीतलं सगळ्यात जड काम. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंगने २००९ मध्ये आपल्या १,१४२ रुग्णांचा हिशेब मांडला. पहिल्या ९० दिवसांत ६४ टक्के रुग्णांना लहान-मोठी काहीतरी गुंतागुंत झाली होती आणि २६ टक्के रुग्णांना परत दाखल व्हावं लागलं होतं. निष्णात हातांखालचे हे आकडे आहेत. म्हणजे सर्जनचा हात कितीही सफाईदार असला तरी बरंच काही ऑपरेशन थिएटरच्या बाहेर ठरतं.

डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात नेमका हाच विचार लावून धरला. उपाशी ठेवणं, नाकातून नळी, भारंभार सलाईन, पडून राहणं, या एकेका प्रथेला त्यांनी विचारलं की हिचा रुग्णाला उपयोग काय. त्यातून जी पद्धत उभी राहिली तिला ‘एरास’ म्हणतात. मूत्राशयाच्या ऑपरेशनसाठीची तिची मार्गदर्शक तत्त्वं २०१३ मध्ये आली. आमच्या विभागात आम्ही तीच वापरतो, मुंबईच्या सार्वजनिक रुग्णालयात जेवढी बसतात तेवढी.

पहिल्या भेटीत बाईंचं हिमोग्लोबिन ८.६, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) ३.१, एचबीए१सी (साखरेची तीन महिन्यांची सरासरी) ८.४ आणि वजन ४८ किलो होतं. वजन सहा महिन्यांत सहा किलोंनी उतरलेलं. या अवस्थेत थेट टेबलावर घेतलं असतं तर रक्ताच्या बाटल्या, जखम उघडणं, आतड्याचा जोड गळणं, सगळ्याची भीती होती. केमोचे तीन महिने हातात होते, ते आम्ही तयारीला वापरले. लोह शिरेतून दिलं, कारण रक्तस्रावाने आटलेला साठा गोळ्यांनी इतक्या लवकर भरत नाही. साखरेची औषधं नव्याने बसवली. आहारतज्ज्ञ बाईंनी प्रोटीन पावडरचा डबा लिहून देण्याआधी विचारलं, “घरी काय शिजतं?” उत्तर आलं, बोंबील, अंडी, मसूर, कुळथाची पिठी. मग त्यातूनच दिवसाचं गणित बसवलं. फिजिओथेरपिस्टने तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र हातात दिलं आणि व्यायाम म्हणून चाळीचाच जिना सांगितला, सकाळ-संध्याकाळ एकेकदा खाली-वर.

खरी झटापट मिश्रीवर झाली. मूत्राशयाच्या कर्करोगाशी बिडी-सिगारेटचा संबंध पक्का आहे. मिश्रीबद्दल तितक्या ठामपणे बोलता येत नाही. पण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, जखमा भरायला वेळ लागतो, एवढं कारण पुरे होतं. दात घासताना चाळीस वर्षांची सवय सुटणं सोपं नव्हतं. सून रोज सकाळी शेजारी उभी राहायची. ऑपरेशनच्या पाच आठवडे आधी मिश्री सुटली.

शेवटच्या केमोनंतर हिमोग्लोबिन १०.४, एचबीए१सी ७.२, वजन ५० होतं. “गणपती झाल्यावर करूया,” असं त्या म्हणाल्या. लालबागकराने हे म्हणणं साहजिक आहे, पण केमो संपल्यावर फार थांबलं तर केमोचा फायदा हातातून जातो. शिवाय त्या दहा दिवसांत त्यांच्या गल्लीतून रुग्णवाहिका बाहेर काढणं किती कठीण असतं, हे तिथे राहणाऱ्याला सांगायला नको. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातली तारीख ठरली, म्हणजे पहिले नाजूक दिवस गणपतीच्या आत निघून जातील.

जागा कुठे करायची

मूत्राशय काढल्यावर लघवीला नवी वाट लागते. यांच्यासाठी निवडली ती ‘इलियल कॉन्ड्युट’. लहान आतड्याचा पंधरा-वीस सेंटिमीटरचा तुकडा वेगळा करून त्याच्या एका टोकाला दोन्ही मूत्रवाहिन्या जोडतात आणि दुसरं टोक पोटावर काढतात. त्या तोंडाला स्टोमा म्हणतात, त्यावर चोवीस तास पिशवी असते. अमेरिकी सर्जन ब्रिकर यांनी ही पद्धत १९५० मध्ये मांडली आणि आजही जगभर सर्वाधिक तीच वापरली जाते.

स्टोमाची जागा आदल्या दिवशी पोटावर खूण करून ठरवायची असते. पुस्तकात बेंबी आणि कमरेचं हाड यांच्यामधली रेघ दिलेली असते. आमच्या स्टोमा सिस्टरने बाईंना दवाखान्याचा गाऊन उतरवून घरची साडी नेसायला लावली. त्यांच्या परकराची नाडी बेंबीच्या जरा खाली, पुस्तकातल्या जागेवर जवळजवळ तंतोतंत येत होती. तिथे स्टोमा केला असता तर नाडीने पिशवी दिवसभर आवळली असती आणि पिशवी कातडीला चिकटवणाऱ्या चकतीखाली लघवी झिरपली असती. मग सिस्टर म्हणाल्या, “मावशी, पोळ्या लाटायला बसता तशा बसा.” खाली एक पाट ठेवला. त्या बसल्या, पुढे वाकल्या आणि पोटाला आडवी घडी पडली. घडीच्या वर, नाडीच्या खाली, उजवीकडे, निऱ्या खोचतात तिथून बाजूला असा जेमतेम तीन बोटांचा सपाट भाग उरला. झोपून, बसून, उभं राहून, वाकून तो चार वेळा पाहिला. मार्करने गोल काढला, वर पारदर्शक पट्टी लावली. आतड्याला रक्त पुरवणारी पडदी तिथपर्यंत पोचली नाही तर म्हणून दुसरा गोलही काढून ठेवला.

या कामाला अर्धा तास लागला. सगळ्या उपचारात याच्याइतका स्वस्त आणि याच्याइतका मोलाचा अर्धा तास दुसरा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑपरेशन आणि वॉर्ड

सकाळी सहाला काळा चहा दिला, आठला आत घेतलं. आठ तास उपाशी ठेवायची गरज नसते. घन अन्न सहा तास आधीपर्यंत आणि पाणी, बिनदुधाचा चहा दोन तास आधीपर्यंत चालतो. दूध मात्र अन्नात धरतात, त्यावरून थोडी नाराजी झाली. मधुमेह असल्यामुळे साखरेचं पेय दिलं नाही. एनिमाही दिला नाही.

ऑपरेशन पोट उघडून केलं. मूत्राशय, गर्भाशय, योनीची पुढची भिंत आणि ओटीपोटातल्या लसिकाग्रंथी काढल्या. रोबोबद्दल नातेवाईक हमखास विचारतात. २०२२ च्या ब्रिटिश चाचणीत रोबोने केलेल्या रुग्णांना पहिल्या ९० दिवसांत रुग्णालयाबाहेर सरासरी दोन दिवस जास्त मिळाले. फायदा खरा आहे आणि जिथे सोय आहे तिथे तो घ्यावा. त्या दोन दिवसांचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

नाकातली नळी थिएटरमध्येच काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्चीत बसवलं, घोट-घोट पाणी दिलं. पाठीतल्या कॅथेटरमधून वेदनाशामक चालू होतं, त्यामुळे अफूवर्गीय औषधं फारशी लागली नाहीत. त्या औषधांनी आतडी सुस्तावतात. च्युइंगम चघळल्याने आतडी लवकर जागी होतात असं दिसलं आहे, पण यांची कवळी होती, ते जमलं नाही. तिसऱ्या दिवशी पोट फुगलं, दोन उलट्या झाल्या. या ऑपरेशननंतर हे नेहमीचं आहे. एक दिवस पेज थांबवली, पोटॅशियम कमी होतं ते भरून काढलं, चालणं थांबवलं नाही. पाचव्या दिवशी वारा सरला आणि वॉर्डातल्या सगळ्यांनाच हलकं वाटलं. नवव्या दिवशी घरी सोडलं. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून पोटात रोज एनॉक्सापॅरिनचं एक इंजेक्शन चार आठवडे घ्यायचं होतं. सुनेने ते द्यायला शिकून घेतलं. पिशवी बदलणं, चकतीचं भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठं कापणं, पिशवीत पांढरे तंतू दिसले तर घाबरायचं नाही कारण तो आतड्याचा चिकट स्राव असतो, हे सगळं दोघींनी करून दाखवलं. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं, ‘दिवसाला अडीच लिटर पाणी’.

तिसऱ्या दिवशीचा फोन

घरी गेल्यावर तिसऱ्या दिवशी आमच्या सिस्टर प्रत्येक रुग्णाला फोन करतात. सून म्हणाली, “ताप नाही, दुखत नाही. पण आईंना जेवण जात नाही. नुसत्या झोपून असतात. अशक्तपणा असेल ना सिस्टर?” फोन इथेच संपू शकला असता. एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर अशक्तपणा असायचाच. पण सिस्टरने पुढे विचारलं, सकाळपासून पिशवी किती वेळा रिकामी केली? “एकदाच.” रंग? “गडद पिवळा.” श्वास जोरात चालतोय का? सून थांबली, सासूकडे बघितलं असावं, आणि म्हणाली, “हो, थोडा.”

तासाभरात त्या आमच्याकडे होत्या. क्रिएटिनिन १.९, क्लोराइड ११२, बायकार्बोनेट १४. रक्त आम्लधर्मी झालं होतं. आतड्याचं काम शोषून घेण्याचं. ते लघवीची वाट म्हणून वापरलं तरी त्याचा स्वभाव बदलत नाही. लघवीतलं अमोनियम आणि क्लोराइड ते रक्तात परत घेतं. पाणी भरपूर असलं, लघवी झरझर वाहून गेली, तर मूत्रपिंडं हे सांभाळून घेतात. शरीर कोरडं पडलं की लघवी दाट होते, आतड्यात रेंगाळते आणि चक्र सुरू होतं: भूक जाते, मळमळतं, माणूस आणखी कमी पितो. सोनोग्राफीत मूत्रपिंडं फुगलेली नव्हती, अडथळा नव्हता. लघवीच्या कल्चरमध्ये जंतू होते, पण कॉन्ड्युटच्या लघवीत ते बहुतेक वेळा असतातच. ताप नसताना त्यांच्यामागे अँटिबायोटिक घेऊन लागायचं नसतं. सलाईन आणि सोडियम बायकार्बोनेट दिलं. तीन दिवसांत त्या उठून बसल्या.

रोबोने दोन दिवस वाचतात. इथे तीन दिवस पाणी कमी प्यायल्यामुळे गेले.

पाणी कमी का पडलं हे रक्ताच्या तपासणीत दिसत नाही. दुसऱ्या संध्याकाळी सिस्टर पलंगाशेजारी स्टूल घेऊन बसल्या आणि घरचा दिवस कसा जातो ते विचारत गेल्या. बाईंनी आधी “पिते की पाणी” एवढंच सांगितलं. मग हळूहळू सगळं निघालं. चाळीतला संडास गॅलरीच्या टोकाला, सहा बिऱ्हाडांत दोन. पावसाने फरशी ओली. पोटाला टाके, त्यामुळे घसरण्याची भीती. मोरी खोलीतच आहे, पण ओट्याला लागून, वर देव्हारा. तिथे लघवी ओतायची कल्पनाही त्यांना सहन होत नव्हती. “तिथं मी पीठ मळते हो सिस्टर.” सून सकाळी नऊला कामावर जायची, सातला यायची. मग त्यांनी आपला तोडगा काढला होता: सकाळी एक कप चहा, गोळ्यांपुरतं घोटभर पाणी, आणि सून आल्यावर पिशवी एकदाच रिकामी.

अडीच लिटरची सूचना त्यांना नीट समजली होती. ती पाळली तर पिशवी दिवसातून सहा-सात वेळा रिकामी करावी लागेल, हेही समजलं होतं. तेवढी जागा त्यांच्या घरात नव्हती.

यावर उपाय वैद्यकीय नव्हता. पिशवीला खालून लावायची रात्रीची ड्रेनेज बॅग दोन लिटर धरते. आम्ही ती फक्त झोपताना सांगतो. यांना दिवसाही लावायला सांगितली, पलंगाला अडकवून. उठून चालायचं तेव्हा जोड काढायचा, तोटी बंद करायची. भरली की घट्ट झाकणाच्या पाच लिटरच्या कॅनमध्ये ओतायची आणि कॅन सुनेने किंवा मुलाने सकाळ-संध्याकाळ संडासात रिकामा करायचा. मुलाने सुरुवातीला नजर चुकवली. पण सिस्टरने त्यालाच जोड लावून-काढून दाखवायला सांगितलं, आणि नंतर तो भाग त्याने पूर्णपणे आपल्याकडे घेतला. पाण्यासाठी एक लिटरचा तांब्या ठरवला, दुपारी दोनच्या आत एक संपवायचा. नातवाने कॅलेंडरवर तांब्याच्या खुणा करायचं काम घेतलं. गोड नसलेलं लिंबूपाणी आणि ताक दोन्ही मोजणीत धरलं. बायकार्बोनेटच्या गोळ्या सहा आठवडे चालल्या. ऑपरेशनच्या वेळी मूत्रवाहिन्यांत ठेवलेल्या नळ्या चौदाव्या दिवशी काढल्या. त्या काढल्यावर ताप येऊ शकतो म्हणून एक रात्र लक्ष ठेवलं, तो आला नाही.

या प्रकरणानंतर आमच्या विभागात काय बदललं ते सांगते. स्टोमाची खूण करतो त्याच दिवशी घराची विचारपूस होते: संडास कुठे, किती पावलांवर, किती जणांत, मोरी कशी, दिवसा सोबत कोण. उत्तरं केस पेपरवर लिहिली जातात, सर्जनच्या नोंदीशेजारी. नालासोपाऱ्याहून येणाऱ्या रुग्णाला लोकलच्या दीड तासात पिशवी कुठे रिकामी करता येईल हेही त्यातच येतं. गावाकडून येऊन दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहणाऱ्या कुटुंबांना तिथल्या सोयीनुसार शिकवलं जातं, गावच्या घराचं वेगळं. तिसऱ्या दिवशीच्या फोनमध्ये आता ‘बरं आहे का’ हा प्रश्न शेवटी येतो. आधी पिशवी किती वेळा, रंग कसा, कालपासून किती तांबे. घरी सोडल्यावर आठवड्याच्या आत क्रिएटिनिन आणि बायकार्बोनेट तपासतो, तक्रार असो वा नसो.

काही कुटुंबांना हे प्रश्न खटकतात. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टर संडासाबद्दल काय विचारतात, असा चेहरा होतो. लाज दोन्हीकडे असते, आमच्या निवासी डॉक्टरांनाही ते विचारणं जड जातं. म्हणून सुरुवात सिस्टर करतात आणि डॉक्टर शेजारी थांबून ऐकतात.

बाईंचा अंतिम अहवाल चांगला आला. स्नायूत थोडा रोग उरला होता, पण कडा साफ आणि काढलेल्या २२ लसिकाग्रंथींपैकी एकीतही रोग नाही. दर सहा महिन्यांनी सीटी, मध्ये मूत्रपिंडांची सोनोग्राफी, वर्षातून एकदा बी१२ जीवनसत्त्वाची तपासणी. योनी आखूड झाल्याबद्दल आणि त्यामुळे होणाऱ्या त्रासाबद्दल आम्ही स्वतःहून विषय काढला. त्या विधवा आहेत म्हणून तो टाळायचा नाही असं ठरवलं होतं, आणि बसताना ओढल्यासारखं होतं हे त्यांनी तेव्हाच सांगितलं. दोन महिन्यांनी त्यांनी पाटावर बसून पोळ्या लाटल्या. स्टोमा घडीत जात नाही, नाडी आवळत नाही. डबे आता आठ आहेत.

अडलं आहे ते पिशव्यांपाशी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशनचा खर्च निघाला, पण दर चार-पाच दिवसांनी लागणारी चकती आणि पिशवी घरखर्चातून येते. मागच्या भेटीत स्टोमाभोवतीची कातडी लाल, सोलल्यासारखी दिसली. विचारल्यावर कळलं की एक चकती त्या आठ-नऊ दिवस ओढतात, सुटायला लागली की वरून चिकटपट्टी लावतात. स्टोमा दोन महिन्यांत आकसून लहान झाला होता आणि भोक जुन्याच मापाचं कापलं जात होतं, तेही कारण होतं. नवं माप काढून दिलं, कातडीसाठी पावडर दिली. समाजसेवा विभागाने स्टोमा असलेल्यांसाठी काम करणाऱ्या ऑस्टोमी असोसिएशनशी आणि दोन ट्रस्टशी बोलणं सुरू केलं आहे. तोवर वॉर्डातल्या कपाटात शिल्लक असलेल्या दोन महिन्यांच्या चकत्या त्यांना दिल्या आहेत.